एचआयव्ही असताना सरकारी दवाखान्यात बाळंतपण: सेवा कशी आहे?

आपण गोळ्यांवर आहोत, मूल हवंय, पण बाळंतपण कुठं करावं या विचारात ज्या बायका आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं बाळंतपण २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात झालं. मुलीची शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात झाली. ती निगेटिव्ह आहे. गर्भारपणातल्या पहिल्या रक्ततपासणीपासून त्या शेवटच्या अहवालापर्यंत जे जे हातून गेलं ते सगळं इथं सांगते. जिल्ह्याचं आणि रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही, माझंही नाही.

आधी मत सांगते. पाचपैकी चार गुण. जा, बिनधास्त जा. एक गुण कापला तो प्रसूती कक्षासाठी. एआरटीची (एचआयव्हीच्या औषधोपचाराची) खिडकी उत्तम, समुपदेशनाची खिडकी उत्तम, लसीकरणाची चांगली. पण या खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत. मधलं अंतर बाईलाच चालावं लागतं, हातात आपला कागद घेऊन. हे आधी कळलं तर निम्मी धावपळ वाचते, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी स्वतः जन्मापासून पॉझिटिव्ह आहे. १९९८ चा जन्म. आईची गरोदरपणात ही तपासणी झालीच नव्हती, कारण तेव्हा ती कुणाचीच होत नव्हती. आईकडून बाळाला होणारी लागण थांबवायचा सरकारी कार्यक्रम आपल्या देशात २००२ साली सुरू झाला. तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापीनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचा एक डोस, एवढंच होतं. आई २००३ मध्ये गेली. सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. या तारखा मला पाठ आहेत, त्या विसरणं मला जमणार नाही. मला आजीनं वाढवलं. लहान मुलांच्या गोळ्या २००६ च्या अखेरीस आल्या, त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या सुरू झाल्या. तेव्हापासून एआरटी सेंटरची बाकं, तिथला वजनकाटा, उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक हे सगळं माझ्या ओळखीचं. त्यामुळं या सेवेत मी नवखी नव्हते. जिला गरोदरपणातच पहिल्यांदा कळतं तिच्यासाठी हे सगळं किती जड जात असेल, याचा विचार मी पूर्ण वेळ करत होते.

आमचं लग्न पॉझिटिव्ह मुला-मुलींच्या वधू-वर मेळाव्यात जमलं. यांनाही गोळ्या चालू आहेत. सासूबाईंना सगळं माहीत आहे, बाकी भावकीत कुणालाच नाही. मी घरी फॉल-पिको करते आणि ब्लाऊज शिवते. हे एवढ्यासाठी सांगतेय की पुढं त्याचा संबंध येतो.

मूल हवं असं ठरवलं तेव्हा एआरटीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, बघितला. तो दबलेला होता. ते म्हणाले, “आता हरकत नाही, पण एकही गोळी चुकवू नका.” मी त्यांना माझ्या गोळीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाबद्दल विचारलं. रात्री मोबाइलवर वाचलेलं होतं की बोत्स्वानात २०१८ साली या औषधावर असलेल्या काही आयांच्या बाळांच्या मणक्यात दोष दिसले. डॉक्टरांनी प्रश्न उडवून लावला नाही. नंतर खूप जास्त बाळंतपणांची माहिती गोळा झाली तेव्हा ती भीती टिकली नाही, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गरोदर बायकांसह सगळ्यांसाठी हेच औषध सुचवलं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. फॉलिक ॲसिड मात्र लगेच सुरू केलं. मागं माणसांची रांग असताना त्यांनी एवढा वेळ दिला, त्याचे गुण मी पूर्ण दिले.

उपाय काहीच केला नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. आईच्या गोळ्या वेळेवर, बाळाचं औषध वेळेवर, दुधाचे नियम पाळले तर तेच प्रमाण पाचाच्या खाली येतं. २०१४ च्या जानेवारीपासून आपल्याकडं प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला, सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, तीन औषधांची एआरटी लगेच आणि आयुष्यभरासाठी सुरू करतात. म्हणजे जिला तिसऱ्या महिन्यात कळलं तिलाही वेळ हातात असतो. जिला थेट कळा सुरू झाल्यावर कळतं, तिच्यासाठीही प्रसूती कक्षात बोटातलं रक्त घेऊन तपासणी करतात आणि तिथूनच औषध सुरू होतं. पण लवकर कळलेलं केव्हाही बरं. आशाताई पहिल्या तीन महिन्यांत नाव घालायला सांगतात ते उगीच नाही. जाऊन नाव घाला, एचआयव्हीची तपासणी टाळू नका.

आता गोळ्यांच्या वेळांबद्दल. हा भाग नीट वाचा, कारण मला हे आरोग्य केंद्रात कुणी सांगितलं नव्हतं.

गरोदर बाईला लोहाची गोळी मिळते, कॅल्शियमची मिळते. आपली टीएलडी, म्हणजे एआरटीची तीन औषधं एकत्र असलेली रोजची गोळी, आधीच चालू असते. टीएलडीतलं डोल्युटेग्राविर आणि लोह किंवा कॅल्शियम रिकाम्या पोटी एकत्र गेलं, तर डोल्युटेग्राविर अंगात पुरेसं मुरत नाही. गोळी घेतल्याचं समाधान मिळतं, काम मात्र अर्धवट होतं. गावच्या सिस्टरनी लोह-कॅल्शियम दिलं तेव्हा त्यांना माझ्या टीएलडीची कल्पना नव्हती आणि ती असावी अशी माझीही इच्छा नव्हती. एआरटीच्या फार्मसीतल्या सरांनी महिन्याच्या गोळ्या मोजून देताना सहज विचारलं, “कॅल्शियम चालू झालं असेल ना? कधी घेता?” मी म्हणाले, “झोपताना, सगळ्या एकदम.” त्यांनी गोळ्यांचा डबा बाजूला ठेवला, हिरव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर पेनानं एक गोल काढला, घड्याळासारखे आकडे मांडले. टीएलडी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ते जमत नसेल तर पोटभर जेवणाबरोबर एकत्र घेतलेलं चालतं, पण रिकाम्या पोटी एकत्र नको. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकमेकांपासून लांब. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं: टीएलडी पहाटे सहाला, कॅल्शियम सकाळच्या न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, लोह दुपारी जेवल्यावर. इतकी वर्षं रात्री नऊला घ्यायची सवय होती, ती पहाटेवर आणायला थोडे दिवस जड गेलं. पण उलट्यांच्या दिवसांतही पहाटेची गोळी पोटात टिकायची, कारण माझं मळमळणं उन्हं वर आल्यावर सुरू व्हायचं. तुमचं वेळापत्रक वेगळं असेल. तुमच्या फार्मसीत विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

खाजगी दवाखान्याचं थोडक्यात सांगते. सासूबाईंची फार इच्छा होती की पहिलं बाळंतपण चांगल्या खाजगी ठिकाणी व्हावं. तालुक्यातल्या एका प्रसूतिगृहात गेलो. मी आजार लपवला नाही. लगेच उत्तर आलं की सिझरच करावं लागेल, शिवाय “स्पेशल किट”चे पैसे वेगळे, आणि खोली शेवटची. सिझरला वैद्यकीय कारण विचारलं तर तुमचा आजारच कारण, असं म्हणाले. सरकारी मार्गदर्शनात असं कुठंही नाही. लोड दबलेला असेल तर नॉर्मल बाळंतपण होतं, सिझर लागलं तर ते इतर कुठल्याही बाईला ज्या कारणानं लागतं त्याच कारणानं. हातमोजे, ॲप्रन, गॉगल हे तर प्रत्येक बाळंतपणात वापरायचे असतात, फक्त आमच्यासाठी नाही. आम्ही उठून आलो. ज्यांना चांगला खाजगी डॉक्टर मिळाला असेल त्यांनी जरूर तिथं जावं, पण आजाराच्या नावावर जादा पैसे मागितले तर तो तुमचा दोष समजू नका.

समुपदेशक मॅडमबद्दल किती लिहू! आयसीटीसीची (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची) खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि पडदा. पण दार लागलं की ते लागलं. बाहेरचा माणूस कितीही घाईत असला तरी मॅडम दार उघडू देत नाहीत. त्यांनी मला सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं की बत्तीस आठवडे झाले की पुन्हा व्हायरल लोड होणार, आणि तो अहवाल बाळंतपणाला येताना तुझ्या हातात पाहिजे. कारण बाळाला कोणतं औषध, एक का दोन, आणि किती आठवडे, हे त्या कागदावर ठरतं. लोड हजाराच्या खाली असेल तर बाळाला एकच औषध सहा आठवडे. त्याहून जास्त असेल, किंवा अहवालच नसेल, तर बाळ जास्त जोखमीत धरतात, दोन औषधं देतात आणि अंगावर पाजत असेल तर बारा आठवडे. म्हणजे तो एक कागद वेळेवर आला नाही तर तान्ह्या बाळाला विनाकारण जास्त औषध पोटात जातं. माझा अहवाल आला, “टार्गेट नॉट डिटेक्टेड,” म्हणजे विषाणू सापडला नाही. त्याच्या झेरॉक्स काढल्या. एक प्लास्टिकच्या पाकिटात घालून माता-बाल कार्डात ठेवली, एक यांच्या खिशात, एक घरी देवघराच्या कप्प्यात.

आमच्या भागात एक क्षेत्रीय कार्यकर्त्या ताई आहेत. तारीख जवळ आली की त्या फोन करतात. घरात जावा, पुतणे, कोणीही फोन उचलतं, म्हणून ठरवून टाकलं होतं की त्यांनी “फॉल-पिकोचं काम आहे, कधी येऊ?” असं विचारायचं, आणि मी जी तारीख सांगेन ती दवाखान्याची. माझ्या जाऊबाईंना अजूनही त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक वाटतात. या ताईंना मानधन फार नाही आणि त्यांचं काम कुठल्याही फलकावर दिसत नाही, पण माझ्या मुलीची एकही तपासणी चुकली नाही ती त्यांच्यामुळं.

आता प्रसूती कक्ष.

कळा रात्री सुरू झाल्या. १०२ ची गाडी वेळेवर आली, चालकानं खड्डे सांभाळून नेली. आत गेल्यावर माझे कागद रात्रपाळीच्या एका कर्मचाऱ्याकडं दिले. थोड्या वेळानं माझ्या केसपेपरच्या वरच्या बाजूला लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरात शेरा आला. कोणी बोललं असेल तर सोडून देता येतं, पण ती अक्षरं पलीकडच्या खाटेवरून वाचता येत होती. मग दारातून आवाज आला, “ती एआरटीवाली कुठाय?” कक्षात आणखी तिघी होत्या, त्यांच्या आया होत्या, एक मावशी होती. सगळ्यांनी वळून बघितलं. कळ आली होती म्हणून मी डोळे मिटून घेतले. मला कोपऱ्यातल्या खाटेवर हलवलं. सासूबाई बाहेर होत्या, नाहीतर तिथंच भांडल्या असत्या.

पहाटे पाळी बदलली आणि मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी केसपेपर बघितला, काही न बोलता वरचं पान उलटं घातलं, मला नावानं हाक मारली आणि हात धरला. बाळ होईपर्यंत तो हात सुटला नाही. उगीच कापाकापी नाही, घाई नाही. मुलगी झाली, वजन दोन किलो आठशे. पुसून लगेच माझ्या छातीवर ठेवली. तासाभराच्या आत पाजायला घेतली.

बाळाच्या औषधाची बाटली मात्र कपाटात, आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या इमारतीत. कोणीतरी म्हणालं, आयसीटीसी नऊ वाजता उघडेल तेव्हा मिळेल. यांनी खिशातला अहवाल काढून सिस्टरना दाखवला, मॅडमना फोन लावला, मॅडमनी सिस्टरशी बोलून किल्ली कुठं असते ते सांगितलं. जन्मानंतर काही तासांतच पहिला डोस गेला. हे यांना माहीत होतं म्हणून झालं. जी बाई एकटी असेल, जिच्या नवऱ्याला यातलं काही माहीत नसेल, तिच्या बाळाचं काय झालं असतं याचा विचार करून मला आजही राग येतो. औषध प्रसूती कक्षातच, हाताला येईल अशा जागी पाहिजे. बाळं नऊ ते पाच या वेळेतच जन्माला येत नाहीत.

बहुतेक बाळांना नेविरापीनचं सिरप दिवसातून एकदा देतात. माझ्या अंगात लहानपणी बरीच वर्षं नेविरापीन गेलेलं, त्यामुळं डॉक्टरांनी माझ्या मुलीसाठी झिडोवुडीन ठरवलं, दिवसातून दोनदा. तुमचा जुना औषधांचा इतिहास डॉक्टरांना जरूर सांगा, हिरवं पुस्तक जुनं असलं तरी फेकू नका. घरी जाताना मॅडमनी सुई नसलेल्या छोट्या सिरिंजवर दीड एमएलच्या रेघेला चिकटपट्टी लावून दिली आणि माझ्यासमोर, मग यांच्याकडून, मग सासूबाईंकडून एकेकदा भरून घेतलं. सासूबाईंना लिहितावाचता येत नाही. पट्टीपर्यंत भरायचं, हवेचा बुडबुडा काढायचा, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. सहा आठवडे त्यांनी हे काम माझ्यापेक्षा नीट केलं. बाळानं लगेच बाहेर काढलं तर काय करायचं, हे त्याच मॅडमना विचारायला गेल्या होत्या.

दुधाचा प्रश्न सगळ्याच बायका विचारतात. लोड दबलेला असेल आणि गोळ्या चालू असतील तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे सरकारी मार्गदर्शन आहे. फक्त म्हणजे पाणीसुद्धा नाही. आईचं दूध आणि त्याबरोबर वरचं काही असं पहिल्या सहा महिन्यांत मिसळलं तर जोखीम वाढते, कारण तान्ह्याच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं. पावडरचं दूध हा पर्याय आहे, पण ते परवडायला हवं, पाणी उकळलेलं हवं, बाटली प्रत्येक वेळी स्वच्छ हवी, आणि मधेच सोडून चालत नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. मी अंगावर पाजायचं ठरवलं आणि त्याचं मला समाधान आहे.

अडचण आली ती गुटीची. आमच्याकडं बाळाला बाराव्या दिवसाच्या आतच गुटी उगाळून देतात, जन्मल्यावर मधाचं बोट चाटवतात. चुलत सासूबाई सहाण, वेखंड, हळकुंड, मायफळ सगळं घेऊनच बघायला आल्या. त्यांना आमचं काही माहीत नाही. मी काय कारण सांगणार? हे मॅडमना आधीच ठाऊक होतं. रुग्णालयातून सोडायच्या दिवशी त्या बाळंतिणींच्या वॉर्डमध्ये आल्या होत्या आणि सगळ्यांना, सगळ्यांच्या सासवांना मोठ्यानं सांगून गेल्या होत्या की सहा महिने कोणत्याही बाळाला गुटी नाही, मध नाही, ग्राइप वॉटर नाही, पाणी नाही. सासूबाईंनी तेच चुलत सासूबाईंना ऐकवलं: “डॉक्टरीणबाईंनी अख्ख्या वॉर्डाला बजावलंय.” विषय संपला. माझा आजार मधे आलाच नाही. समुपदेशन यालाच म्हणतात असं मला वाटतं.

सहाव्या महिन्यानंतर वरणाचं पाणी, नाचणीची पेज, मऊ भात सुरू केला आणि दूधही चालू ठेवलं. तेव्हा दोन्ही चालतं. वर्ष झाल्यावर हळूहळू, महिनाभर लावून, दूध सोडवलं. एकदम तोडायचं नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

तपासण्या अशा: सहा आठवडे, सहा महिने, बारा महिने आणि अठरा महिने. पहिली तपासणी दीड महिन्याच्या लशीबरोबरच येते, म्हणजे एकाच फेरीत काम होतं. टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावरच्या गोलांवर घेतात, कार्ड वाळवतात आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. लहान बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) असतात, त्यामुळं नेहमीची तपासणी केली तर निगेटिव्ह बाळही पॉझिटिव्ह दिसतं. म्हणून या कार्डावर थेट विषाणू शोधतात. हे नीट समजून घ्या, कारण आमच्या ओळखीतल्या एका बाईनं घाबरून बाहेरच्या लॅबमध्ये बाळाची साधी तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली आणि घरात आठवडाभर चूल पेटली नाही. ते बाळ निगेटिव्ह निघालं. आमच्या पहिल्या अहवालाला महिन्याहून जास्त लागला. इतका वेळ लागायला नको. त्या दिवसांत मला शिवणाला हात लावावासा वाटत नव्हता. सहा आठवड्यांपासून बाळाला इतर संसर्गांपासून जपणारं कोट्रायमोक्साझोलचं सिरप सुरू होतं, ते शेवटच्या अहवालापर्यंत चालतं. तेही मोफत मिळतं.

पहिला अहवाल निगेटिव्ह आला तेव्हा मॅडमनी सांगितलं की आनंद करा पण दूध चालू आहे तोवर जोखीम संपलेली नाही, तुमची गोळी चुकता कामा नये. हे असं स्पष्ट सांगणारं माणूस पाहिजे. अठराव्या महिन्यात बोटातून रक्त घेऊन नेहमीची तपासणी झाली. निगेटिव्ह. नोंदवहीत शेवटची ओळ लिहिली आणि मुलीचं नाव या यादीतून निघालं. सासूबाईंनी तिथंच मॅडमच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

गोळ्यांच्या साठ्याबद्दल. माझ्या गर्भारपणात गोळ्या संपल्या असं झालं नाही, पण एका महिन्याऐवजी पंधरा दिवसांच्याच मिळाल्या असं झालं, आणि सातव्या महिन्यात पुन्हा एसटीनं यावं लागलं. २०२२ साली दिल्लीत नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यालयाबाहेर गोळ्यांच्या तुटवड्यासाठी माणसं महिनाभराहून जास्त दिवस धरणं धरून बसली होती. गरोदर बाईच्या बाबतीत ही चालढकल अजिबात खपवून घेऊ नये. कमी मिळाल्या तर उरलेल्या कधी मिळणार ते पुस्तकात लिहूनच घ्या.

सवलतींचं असं आहे की कागदावर आहेत. एसटीच्या साध्या बसला पॉझिटिव्ह माणसाला मोफत प्रवास आहे. पण त्यासाठी कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं, आणि आमच्या गाडीचा कंडक्टर आमच्याच गावचा. मी बायकांचं अर्धं तिकीट काढून जाते. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळू शकतात, पण त्याची फाईल गावातूनच पुढं जाते. ज्यांना ही भीती नाही त्यांनी दोन्ही घ्यावं, तो हक्क आहे. जननी सुरक्षाचे पैसे, बाळंतपणाचा सगळा खर्च, जेवण, घरी सोडायला गाडी हे सगळं मला मिळालं, त्यात आजार सांगायचा प्रश्नच येत नाही.

प्रसूती कक्षातल्या प्रकाराची मी लेखी तक्रार दिली. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात भेदभावाला बंदी आहे, आणि कोणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय उघड करायलाही. साध्या कागदावर काय झालं, कधी झालं, एवढंच लिहिलं, कुणाचं नाव घातलं नाही. वैद्यकीय अधीक्षकांनी बोलावून ऐकून घेतलं. मुलीला सहा महिन्यांच्या तपासणीला नेलं तेव्हा मॅडमनी सांगितलं की आता केसपेपर बंद पाकिटात जातात आणि वर फक्त एक आकडा असतो. औषधाची बाटली प्रसूती कक्षाच्या फ्रीजशेजारच्या खणात आली, हे मी स्वतः पाहिलं. हे दोन बदल झाले म्हणून चार गुण दिले, नाहीतर तीनच दिले असते.

जाताना हे जवळ ठेवा: बत्तीस आठवड्यांनंतरचा व्हायरल लोडचा अहवाल झेरॉक्ससह, हिरवं पुस्तक, माता-बाल कार्ड, निदान आठवडाभर पुरतील एवढ्या आपल्या गोळ्या (वॉर्डमध्ये त्या मिळतीलच असं नाही), आणि ज्याला सगळं माहीत आहे असं एक माणूस. गोळीची वेळ कळा चालू असतानाही पाळायची. नाव नोंदवायचं तर जिथं बाळंतपण करणार तिथंच एकदा प्रसूती विभागात जाऊन मोठ्या सिस्टरना भेटून या, नवव्या महिन्याची वाट बघू नका. आणि ज्यांना घरात कुणाशीच बोलता येत नाही त्यांनी १०९७ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, नाव न सांगताही बोलता येतं, आणि जवळचं सेंटर कुठं आहे ते कळतं.